अंडं ऐच्छिक, फोटो अनिवार्य

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण जालनेकर पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवतात. म्हण खोटी नाही. मोंढ्यात उलाढाल आहे, एमआयडीसीत भट्ट्या पेटलेल्या आहेत, बियाण्यांच्या पिशव्या इथून देशभर जातात, मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, रेशीमकोषांचा बाजारही भरतो. पालना सोन्याचा आहे, मान्य. फक्त पालन्यातल्या लेकराचं वजन कुणी केलं का, आणि केलं असेल तर ते कोणत्या रकान्यात भरलं, एवढंच विचारायचं आहे.

मराठवाड्यात कुणी घर बांधायला काढलं की सळई जालन्याची येते. एवढं लोखंड जिथे रोज वितळतं, तिथल्या लेकरांना लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा एकेक मिली मोजून पाजायचं असतं. शाळेत गेल्यावर गुलाबी गोळी, दहा वर्षं पूर्ण झाली की निळी. २०१८ पासून या मोहिमेचं नाव ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ५३.८ टक्के लेकरं रक्तक्षयी निघाली होती. पाचव्या फेरीत हा आकडा ६८.९ झाला. मुक्तीची गाडी रिव्हर्समध्ये आहे, पण फलक अजून चकचकीत आहे, त्यामुळे काळजीचं कारण नसावं.

आता कुणी म्हणेल, भट्टीतल्या लोखंडाचा आणि रक्तातल्या लोहाचा संबंध काय? काही नाही. रक्तातलं लोह येतं डाळीतून, हिरव्या पाल्यातून, मटणातून, थोडंफार अंड्यातून. पाल्यातलं लोह अंगी लागावं म्हणून सोबत काहीतरी आंबट हवं. शेवग्याच्या पाल्याची भाजी, भाकरी आणि वर अर्धी मोसंबी, असं साधं गणित आहे. शेवगा बांधावर उभा आहे आणि मोसंबी बागेत लगडली आहे. पण मोसंबी ट्रकात बसून परराज्यात जाते आणि लेकराच्या हातात येतो चहाचा कप, जो पोटात गेलेलं लोहही अंगी लागू देत नाही. लोखंडाचा एकच खरा उपयोग घरात होत होता, तो कढईचा. ती लोखंडी कढई सुनेने भंगारवाल्याला दिली. बहुधा जालन्याच्याच भट्टीत आली असेल.

याच गावच्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये त्यांनी महिको काढली आणि संकरित बियाणं शेतकऱ्याच्या दारात नेलं. मोठं काम होतं. पण बियाणं शिवारात पोचलं म्हणून घास तोंडात पोचतोच असं नाही. आज जालन्याच्या शिवारात उभे राहा, डावीकडे कापूस आणि उजवीकडे सोयाबीन. ज्वारीला कोपरा, तुरीला ओळी. त्यातलं सोयाबीन प्रथिनांनी ठासून भरलेलं, पण ते पोत्यात बसून मोंढ्यात जातं, तिथून तेल गिरणीत. तेल डब्यात, पेंड कोंबडीला. कोंबडी अंडं देते, आणि अंडं… थांबा, अंड्याची गोष्ट मोठी आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं, शाळेतल्या लेकरांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं. योजनेचं नाव तोवर ‘शालेय पोषण आहार’ जाऊन ‘पीएम पोषण’ झालं होतं. नाव बदललं की निम्मं पोषण आपोआप होतं, उरलेल्या निम्म्यासाठी अंडं. दर अंड्याला पाच रुपये. दुकानात अंडं सहाला, थंडीत सातला. वरचा रुपया-दोन रुपये कुणी घालायचे याबद्दल सगळ्यांनी सभ्यपणे मौन पाळलं. गुरुजींनी खिशात हात घातला. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना केळं. झालं, राज्यभर चर्चा पेटली. अंडं शाकाहारी की मांसाहारी, कोंबडीच्या आत्म्याचं काय, विद्येच्या मंदिरात हे शोभतं का. चर्चेत भाग घेणाऱ्यांपैकी एकाचंही लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत पंगतीला बसत नव्हतं, त्यामुळे चर्चा अत्यंत निःपक्षपाती झाली.

मग जानेवारी २०२४ मध्ये तोडगा निघाला. लेकरांच्या ओळखपत्रावर ठिपका द्या. अंडं खाणाऱ्याला लाल, न खाणाऱ्याला हिरवा. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. ज्या शाळांत ओळखपत्रंच नव्हती तिथे आधी ओळखपत्र, मग त्यावर ठिपका आणि मग अंडं असा क्रम लागला. पहिल्या दोन पायऱ्या चढेपर्यंत परीक्षा आल्या.

जून २०२४ मध्ये सरकारला आणखी सुचलं. लेकरांना तीन पदार्थांचं जेवण द्यायचं, कडधान्याची उसळ, भाताचा प्रकार आणि वर गोड, म्हणजे खीर किंवा नाचणीचं सत्त्व. पंधरा पाककृतींची यादी निघाली. यादी वाचून आमच्या तोंडाला पाणी सुटलं. चुलीपुढच्या मावशींच्या डोळ्यांना सुटलं. त्यांचं मानधन महिन्याला अडीच हजार, चूल एक, पातेली दोन आणि पदार्थ तीन.

आणि जानेवारी २०२५ मध्ये लक्षात आलं की पैसे नाहीत. अंडं आणि साखर यांचा खर्च सरकार करणार नाही. ज्या शाळांना अंडा पुलाव आणि गोड पदार्थ द्यायचे असतील, त्यांनी ते जरूर द्यावेत. पण ते ऐच्छिक आहेत आणि लागणारी अंडी व साखर ‘लोकसहभागातून’ उभी करावी. अंड्यांचा खर्च सगळ्या राज्याचा मिळून पन्नास कोटींच्या घरातला. पन्नास कोटी म्हणजे किती? एखाद्या रस्त्याच्या कामात खड्डे मोजताना राहून जातात तेवढे.

याच सुमारास सरकार राज्यातल्या बहिणींवर फार प्रेम करत होतं. ‘लाडकी बहीण’ म्हणून दरमहा दीड हजारांचं. त्या पैशाला आमचा विरोध नाही, घरात त्यातून तेल-मीठ येतं, ते आम्ही पाहिलेलं आहे. पण नातं जोडलं तर पुरतं निभवावं लागतं. बहीण लाडकी म्हटल्यावर तिचं लेकरू कोण झालं? भाचा. भाच्याला मामाच्या घरी तूप, रोटी, शिकरण सगळं मिळतं अशी आपल्याकडची समजूत आहे. हा पहिलाच मामा, ज्याने भाच्याच्या ताटातलं अंडं उचललं आणि शेजाऱ्याला म्हणाला, बघा तुम्हाला जमलं तर.

लोकसहभाग म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा जवळून बघू. घनसावंगीकडच्या एका वाडीवरच्या शाळेत गुरुजी आणि सरपंच समोरासमोर बसलेत. गुरुजींच्या हातात वही.

“अण्णा, साठ लेकरं आहेत. आठवड्याला साठ अंडी. चारशे रुपये धरा.”

“चारशेच ना? मग मागायचं काय त्यात, देऊन टाकू की गुरुजी.”

“दर आठवड्याला, अण्णा.”

“दर?” सरपंचांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “एकदाचं सांगा. शाळेला गेट पाहिजे का? गेट देतो. गेटावर नाव टाकता येतं.”

“अंड्यावर नाही येत.”

“तेच म्हणायलो मी. अन् यंदा आपला सप्ताह आहे, महाराज येणार, गावात अंड्याचा विषय कशाला काढायलात? केळी घ्या. केळीचं बघू पुढच्या महिन्यात.”

कुणी हसू नये. सरपंच कंजूष नाही. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी हेच गाव हजारो पानं उठवतं, बुंदीचे घाणे दिवसरात्र चालतात, वर्गणी न मागता येते. त्या पंगतीत ती साठ लेकरंही पोटभर जेवतात. अडचण इतकीच की हिमोग्लोबिनला तिथी कळत नाही. ते दर बुधवारी नव्याने भूक लागल्यासारखं वागतं. केंद्राच्या योजनेत ‘तिथी भोजन’ नावाची सोय आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाची पन्नाशी असं काही निमित्त काढून कुणीही शाळेला जेवण द्यावं. छान आहे. पण जेवण द्यायला आलेला माणूस सोबत कॅमेरा घेऊन येतो. एका अंड्यामागे सात फोटो. अंडं सोललं जातंय, अंडं दिलं जातंय, अंडं आणि दाता, अंडं आणि दात्याचा पुतण्या. लेकराच्या तोंडात घास जातानाचा फोटो नीट आला नाही म्हणून घास परत काढायला लावल्याचंही आम्ही पाहिलं आहे. लेकरू हुशार होतं. त्याने दुसऱ्यांदा दोन घास खाल्ले.

यात एक वाटणी झालेली दिसते. मोजणं, नोंदवणं, फोटो चढवणं हे सरकारी काम. त्याला वेळापत्रक आहे, ॲप आहे, नोटीस आहे. भरवणं हे पुण्याचं काम. ते ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा करावं. पुण्य ऐच्छिकच असतं म्हणा.

आता तुम्ही म्हणाल, अंड्यापुरतंच कशाला बोलता, रोजचं जेवण तर सरकार देतंच ना? देतं. तांदूळ फुकट येतो, पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज शंभर ग्रॅम. डाळ, भाजी, तेल, मसाला, जळण यांच्यासाठी मे २०२५ पासून दर आहे सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे. आधी सहा रुपये एकोणीस पैसे होता. वाढ एकोणसाठ पैसे. पैसे नावाचं नाणं बाजारातून गेलं, पण लेकराच्या ताटात ते अजून चलनात आहे. एवढ्यात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं बसवायची आहेत. मंत्रालयात हे गणित सुटतं. मावशींच्या पातेल्यात डाळ शोधावी लागते.

अंगणवाडीचा हिशेब आणखी देखणा. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. म्हणजे अंगणवाडी जिल्ह्यापेक्षा साडेपाच वर्षांनी मोठी आहे. जिल्हा तिच्या मांडीवर वाढला म्हणायला हरकत नाही. सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरामागे दिवसाला आठ रुपये, आणि लेकरू तीव्र कुपोषित असेल तर बारा. हे दर २०१७ साली ठरले. कुपोषित होण्याचा बोनस चार रुपये. आठ रुपयांत पाचशे कॅलरी. चौकातला टपरीवाला आठ रुपयांत कटिंगही देत नाही, आणि दिलाच तर वर प्रथिनांची हमी मागत नाही.

तीन वर्षांखालच्या लेकरांना शिजवलेलं जेवण नसतं. त्यांना घरी न्यायची पाकिटं मिळतात. त्याला सगळे ‘टीएचआर’ म्हणतात. ही पाकिटं करायचं काम महिला मंडळांच्या नावाने मोठमोठे ठेकेदार वर्षानुवर्षं करत होते. शेवटी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेंडर रद्द केलं. तोवर पाकिटांनी बराच प्रवास केलेला होता. लेकरांनी तोंड फिरवल्यावर ती गोठ्यात गेल्याच्या बातम्या अधूनमधून येत. म्हशींची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

पण आता काळजी नको, कारण चेहरा आला आहे. १ जुलै २०२५ पासून टीएचआर हवं असेल तर लाभार्थीचा चेहरा ॲपमध्ये जुळावा लागतो. अंगणवाडीच्या दारात काय चालतं ते सांगतो. ताईच्या हातात मोबाइल. समोर कडेवर लेकरू घेतलेली आई.

“वर बघ. हां. आता डोळे मिचकाव.”

आई लाजते. भर दुपारी, चारचौघींत, ताई डोळे मिचकवायला सांगते. ती मिचकावते. ॲप गोल फिरतं.

“नाही घ्यायलं. परत मिचकाव. पदर मागं घे जरा.”

आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. तेव्हा गाल होते. आता दोन बाळंतपणं झालीत, एक सोयाबीनचा हंगाम आणि एक कापसाचा. यंत्राचं म्हणणं, ही ती नव्हेच. यंत्र खोटं बोलत नाही. पोषणाची कमतरता त्याने एका सेकंदात ओळखली, फक्त तिला ‘नो मॅच’ असं नाव दिलं.

त्याआधी ई-केवायसीचा ओटीपी असतो. तो जातो नवऱ्याच्या मोबाइलवर. नवरा जालन्याच्या भट्टीवर पाळीला, नाहीतर थेट कर्नाटकात उसाच्या फडात. ताईने फोन लावून ओटीपी मागितला की तो आवाज खाली करून बायकोला सांगतो, “ओटीपी कुणाला द्यायचा नाही म्हणून बँकवाल्यानं सांगितलंय. फसवायलेत तुला.” एवढी डिजिटल साक्षरता झाल्यावर पाकीट मिळतंय कशाचं.

ताईंना दोष देऊ नका. २०२१ मध्ये याच सेविकांनी राज्यभर मोबाइल परत करायचं आंदोलन केलं होतं; हँडसेट जुनाट, ॲप इंग्रजीत. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी संपावर गेल्या, तो संप जानेवारीअखेरपर्यंत चालला. ताईच्या कामाची यादी लिहायला बसलो तर सदराची जागा संपेल. लसीकरणाला बोलाव, गरोदर बाईला गोळ्यांची आठवण कर, जंताच्या गोळीच्या दिवशी घराघरातून लेकरं गोळा कर, मतदार यादी आहे, कुठलंतरी सर्वेक्षण आहे. मधल्या वेळात लेकरांना गाणी शिकव.

आणि मोजमाप. ते महत्त्वाचं. दंडाला गुंडाळायची एक रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड आला तर लाल, साडेबाराच्या आत पिवळा, वर हिरवा. ती पट्टी लेकराच्या दंडावर घट्ट ओढावी की सैल धरावी, यावर तालुक्याचा आलेख ठरतो. वजन-उंचीवरून दोन वर्ग पडतात, ताई त्यांना ‘सॅम’ आणि ‘मॅम’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, एखाद्या इंग्रजी शाळेतली भावंडं. महिन्याच्या बैठकीत पर्यवेक्षिका विचारते, तुमच्याकडे सॅम एवढे कसे? या प्रश्नाचं बरोबर उत्तर ताईंना फार लवकर कळतं. पुढच्या महिन्यात सॅम कमी होतात. लेकरं तेवढीच असतात.

मोजण्याची टर उडवतोय असं समजू नका. मोजून काय होतं हे मराठवाड्यानेच एकदा दाखवलेलं आहे. २००२ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद विभागाचे आयुक्त व्ही. रमणी यांनी ‘मराठवाडा उपक्रम’ म्हणून एक काम हाती घेतलं, जालना त्यात होताच. लेकरांची वजनं खरोखर करायची, एवढी साधी अट. खरी वजनं होऊ लागली तशी आधी कागदावर नसलेली लेकरं दिसू लागली. आकडा वाढला तरी कुणाला फाशी द्यायची नाही, लेकराला उठवून दवाखान्यात न्यायचं, आईला घरातल्या घरात काय शिजवता येईल ते शिकवायचं, असा तो प्रकार होता. त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा जालन्याहून तासाभराच्या आत आहे, नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या लेकरांचं प्रमाण, जे २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २३ वर आलेलं दिसलं. जगभरातून अभ्यासक बघायला आले.

मग आपण नेहमीप्रमाणे सत्कार केला आणि घरी गेलो. पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या लेकरांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के, पाचव्या फेरीत ३५.२. वजन कमी असलेली ३६, मग ३६.१. चार वर्षं, एक पोषण अभियान, एक पंधरवडा, एक महिना. आणि वजनाचा आकडा शून्य पूर्णांक एकने हलला, तोही चुकीच्या बाजूला. रमणींच्या वेळी काटा लेकरासाठी होता. आता काटा ॲपसाठी आहे. लेकरू काट्याला लागतं तेवढं वजन पुरवतं.

उपोषण म्हटलं की हल्ली देशाला जालनाच आठवतो. जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी कुणी उपोषणाला बसलं की त्याचा रक्तदाब, साखर, वजन किती घटलं हे तासातासाला टीव्हीवर येतं. यायलाच हवं. लेकरांनी फक्त आपलं उपोषण आधी जाहीर करायला हवं होतं.

साखरेचा विषय राहिलाच. दिवाळी झाली की मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीकडच्या तांड्यांवरून ट्रक भरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते, कागदावर तरी बरी. पण सहा वर्षांखालचं लेकरू आईला सोडून राहत नाही, ते ट्रकात. पुढचे पाच-सहा महिने ते पाचटाच्या कोपीत. आई पहाटे तीनला भाकरी थापते, तीच दिवसभर पुरवायची. गावच्या अंगणवाडीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं जातं, म्हणजे ते आमच्या आकड्यातून गेलं. फडाजवळच्या गावातली ताई म्हणते, हे आमचं नव्हे. म्हणजे ते त्यांच्याही आकड्यात आलं नाही. दोन जिल्हे एकाच वेळी सुधारतात, असं हे स्थलांतराचं शास्त्र आहे. अशा लेकराचा थोरला भाऊ गावच्या शाळेत खिचडी खात असतो. त्याच्या खिरीत साखर नसते. महाराष्ट्राची साखर त्याच्या आईबापाने तोडून दिलेली असते, पण त्याच्या वाट्याची चिमूटभर लोकसहभागावर आहे. देशात साखर पिकवण्यात पुढे असलेल्या राज्याने चार चमचे साखरेसाठी गावापुढे हात पसरायला गुरुजींना पाठवलं. याला कुणी विनोद म्हणालं तर लेखक आम्ही नव्हे.

आता जरा घरात येऊ, कारण सगळं सरकारवर ढकललं की आपल्याला फार छान झोप लागते. बापाच्या खिशात दहाची पुडी असते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे ती बंदीची पुडी. दिवसाला चार. तोच बाप अंड्याचा विषय निघाला की म्हणतो, सरकारनं द्यायला पाहिजे. लेकरू रडलं की पाचच्या पुड्यातलं कुरकुरीत काहीतरी. पुड्यात हवा जास्त, मीठ त्याहून जास्त. त्याने भूक मरते आणि मग आजी सगळ्या गल्लीला सांगते, “लेकरू जेवायलंच नाही बाई, काय लागीर झालं कुणास ठाऊक.” सून सगळ्यांत शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला भगुणं खरवडून येतं ते. तिचं लग्न कधी झालं? बारावीचा निकाल लागायच्या आत. काही ठिकाणी दहावीच्या. सतराव्या वर्षी बाळंत झालेल्या पोरीचं लेकरू दोन किलोचं निघालं की आपण अंगणवाडीताईला विचारतो, तुमच्याकडे काय औषध आहे? ताईने खरं उत्तर द्यायचं तर लग्नपत्रिका हातात घेऊन त्यात कुणाकुणाची ‘विनीत’ म्हणून नावं आहेत ते वाचून दाखवावं लागेल. बहुधा सरपंचांचंही असेल.

सप्टेंबरात पोषण माह येतो. तेव्हा डाळींची रांगोळी काढायची पद्धत आहे. अंगणवाडीच्या फरशीवर तूर, मूग, मसूर, हरभरा रंगवार मांडून त्यातून भारताचा नकाशा करतात. भोवती गाजर, बीट, पालकाच्या जुड्या. मध्ये पणती. तासभर लेकरांना हात लावू देत नाहीत, कारण साहेब यायचेत. साहेब येतात, फोटो होतो, फोटो चढतो. मग नकाशा झाडूने भरून ठेवतात. एक पोरगं हरभऱ्याचे चार दाणे मुठीत घेऊन पळताना दिसलं तर त्याला ओरडू नये अशी विनंती आहे. त्या दिवशीचं प्रत्यक्ष पोषण तेवढंच.

गिरणीवाल्यांनी, बियाणेवाल्यांनी सीएसआरमधून अंडी द्यावीत असं सुचवणारे भेटतात. द्यावीत, कुणी अडवलंय. पण आमचं मत विचाराल तर गिरणीवाल्याकडून कर घ्यावा, तो अर्थसंकल्पात जमा करावा आणि त्यातून अंडं आणावं. त्यावर कुणाचं नाव नसेल, फोटो नसेल, ठिपका नसेल. दर बुधवारी येईल. कुणाच्या मनात आलं म्हणून येणार नाही आणि कुणाच्या मनातून उतरलं म्हणून थांबणार नाही.

हे जमत नसेल तर समान न्यायाचा दुसरा मार्ग आहे. जिल्हा नियोजन समितीची बैठक असते. तिथे चहा येतो, सोबत खारे काजू, बिस्किटं, बाटलीबंद पाणी. पुढच्या बैठकीपासून हा आहार ऐच्छिक करावा आणि लोकसहभागातून उभा करावा. कुणी दाता न मिळाल्यास अहवालात ‘निरंक’ लिहावं. दर माणशी खर्च आठ रुपये; जे सदस्य अतितीव्र थकलेले दिसतील त्यांना बारा. बैठकीला येताना प्रत्येकाच्या दंडाला पट्टी लावावी, आकडा पालकमंत्र्यांसमोर मोठ्याने वाचावा. काजूची बशी पुढे आली की साहेबांनी आधी मोबाइलकडे बघावं, मान सरळ ठेवावी आणि डोळे मिचकावावेत. चेहरा जुळला नाही तर परत मिचकावावेत. ओटीपी वहिनींच्या मोबाइलवर जाईल. आणि नेट नसेल, तर उद्या या.